गावात क्लायमेट चेंजवाली संस्था येतेय, ग्रामसभेत काय विचारायचं?

माणदेशी_पोरगा
नमस्कार मंडळी. गाव माण तालुक्यात, मी नोकरीला पुण्यात, शेती आईवडील बघतात. गावात एक एनजीओ हवामान बदलाचा प्रकल्प घेऊन येतेय, कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा फंड आहे, तीन वर्षं काम करणार म्हणतात. ओढ्याचं खोलीकरण, शेततळी आणि वरच्या माळावर झाडं. पुढच्या ग्रामसभेत ठराव आहे आणि गावात दोन तट पडलेत, एक म्हणतो मिळतंय तर घ्या, दुसरा म्हणतो या संस्था फोटो काढून निघून जातात. मला मनापासून वाटतं काम व्हावं, कारण पाऊस पार बदललाय, पेरणीपुरता पडतो, मग गायब, आणि परतीचा आला की एका रात्रीत बांध फोडून जातो. पण एवढ्या मोठ्या प्रश्नात एखादी संस्था गावात येऊन नेमकं काय करू शकते? जवळून बघितलेल्यांनी सांगा.

शिवारफेरी
मी बरीच वर्षं नगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामात होतो म्हणून लिहितो. जगाचा कार्बन तुमच्या गावात कमी होणार नाही, संस्थेचं खरं काम आहे बदललेल्या पावसात गाव तगवणं. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी बघून या. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तिथं काम झालं, त्याच कार्यक्रमासाठी 1993 ला फादर बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांची वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली होती, हे लोक आता गावात हवामान केंद्रं बसवून शेतकऱ्यांना मराठीत सल्लाही देतात. दरेवाडीचा डोंगर उघडाबोडका होता. तिथं गावानं आधी चराईबंदी मान्य केली, मग माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, मग खाली नालाबांध. माथा ते पायथा हा क्रम मोडायचा नाही. तुमच्याकडं पहिलंच काम ओढ्याचं खोलीकरण लिहिलंय ते मला पटत नाही, वरची माती अडवली नाही तर एकदोन पावसाळ्यात गाळ येऊन बसतो आणि पोकलेनचं डिझेल तेवढं जळतं. पहिलाच प्रश्न विचारा, वरच्या उताराचं काय करणार?

बागायतदार_नाशिक
शेततळ्याबद्दल सावध राहा. तळं पावसाचं पाणी साठवायला असतं पण आमच्या भागात प्लास्टिकचा कागद टाकून विहिरीचं नायतर बोअरचं पाणी उपसून त्यात भरतात, म्हणजे जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात येऊन उन्हात वाफ होतं. आपला सगळा काळा पाषाण, त्यात साठा मुळातच कमी. तळं कशानं भरणार हे ठरावातच लिहून घ्या.

आणि पैशाचं. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सीएसआरला द्यावे लागतात, त्यांना मोजता येणारं दिसायला हवं असतं, म्हणून बंधारे आणि झाडं. परदेशी निधीवर तर 2020 च्या एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी कायद्याच्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. मग कात्री बसते ती गावात राहून लोकांशी बोलणाऱ्या माणसाच्या पगारावर, आणि गावाला खरी गरज त्याचीच असते. बंधारा तर सरकारपण बांधतं. विचारा की तुमचा माणूस गावात मुक्कामी राहणार का, का गाडीतून येऊन जाणार.

रानजाई
माळावरच्या झाडांना माझा ठाम विरोध. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथं गवत आहे, लांडगा, खोकड, माळटिटवी आहे आणि तुमच्या माणदेशात मेंढपाळांचं पोट त्यावर आहे. गवताळ जमीन कार्बन मातीत धरून ठेवते. खड्डे खणून तिथं ग्लिरिसिडियासारखं परदेशी झाड लावलं की गवत जातं, मेंढरं कुठं न्यायची? झाडं बांधावर, ओढ्याकाठी लावा, बोर, बाभूळ, लिंब, जे तिथलं आहे ते. आणि चराईबंदी करायची असेल तर मेंढपाळांना बसवून कुठला तुकडा कधी बंद ठेवायचा ते त्यांच्याकडनं ठरवून घ्या, नाहीतर सगळ्या गावाच्या पाण्याची किंमत एकटे तेच मोजतील. ठरावाच्या बैठकीत ते असणार आहेत का?

माणदेशी_पोरगा
खूप आभार सगळ्यांचे. मेंढपाळांना कुणी विचारलेलंच नाही हे खरंय, ते आत्ता बाहेर चरायला गेलेत. वडिलांचा प्रश्न आहे, संस्था गेल्यावर काय? 

शिवारफेरी
वडिलांनी मुद्द्याचं विचारलंय. उत्तर आहे पाण्याचा ताळेबंद, तो गावाला शिकवून घ्या. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर, 450 मिमी पडला तर 45 लाख. त्यातलं किती वाहून गेलं, किती उडालं, किती मुरलं, माणसांना जनावरांना किती लागतं, हे काढून उरलेल्यात रब्बीला काय घ्यायचं ते गावानं ठरवायचं. बाजरी चारशेच्या आतबाहेर भागते, उसाला दोन हजाराच्या आसपास लागतं. हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी हेच केलं, दरवर्षी ग्रामसभेत हिशोब आणि शेतीसाठी बोअर बंद. तिथंही काम संस्थेमार्फतच झालं, पण संस्था गावाचीच होती, म्हणून ती सोडून जायचा प्रश्नच आला नाही. तुमच्याकडं बाहेरची आहे, तर पहिल्याच वर्षी गावातली चार पोरंपोरी, त्यात दोन मुली, पर्जन्यमापक वाचायला आणि विहिरींची पातळी मोजून फळ्यावर लिहायला तयार करा. आणि नव्या बोअरचा नियम आधी करा, पाणी वाढल्यावर कुणी ऐकत नाही.

रानजाई
ग्रामसभेची तारीख मेंढपाळ परत आल्यावरची घ्या. सरपंचांना आत्ताच फोन करा.

माणदेशी_पोरगा
केला. महिनाभर पुढं ढकलायला तयार आहेत, संस्थेनंही हो म्हटलंय.