फाइट साँग – मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत सामन्याच्या वेळी बँडच्या तालावर जे फाइट साँग म्हणतात, त्याला मराठी शब्द कोणता? एका अनुवादात 'समरगीत' वाचलं. पटत नाही.

उत्तर: मलाही पटत नाही. समरगीत म्हटलं की स्वातंत्र्यलढा, प्रभातफेऱ्या डोळ्यांसमोर येतात. इथे मामला फुटबॉलचा. 'स्फूर्तिगीत' जवळचं आहे, पण त्यात समोरच्या संघाला दिलेलं आव्हान नाही. मी 'ललकारी' सुचवेन. दरबारात भालदार-चोपदार बिरुदं पुकारत ती ललकारी, आणि प्रतिस्पर्ध्याला आव्हान देतात तीही ललकारीच. आपलंच नाव मोठ्यानं पुकारायचं आणि पुढच्याला दम भरायचा, ही दोन्ही कामं या गाण्यांत असतात.

बहुतेक गाणी मात्र बिरुदांपाशीच आटोपतात. आम्ही शूर, आमचे रंग थोर, हाणा, जिंका! नाव खोडून शेजारच्या शाळेचं घातलं तरी काही बिघडत नाही. घडलंही तसंच. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या १९०९ च्या गाण्याची चाल मुळात मिनेसोटा विद्यापीठाच्या गीतस्पर्धेसाठी बांधली होती. पुढे कितीतरी हायस्कुलांनी तीच उचलली आणि आपापलं नाव बसवलं.

येल विद्यापीठाच्या 'बूला बूला' या गाण्याची कथा तर शब्दचर्चेत नोंदवावी अशीच आहे. गाणं १९०० च्या सुमाराचं. 'बूला'चा अर्थ विचारला की गाणं रचणारी पोरं ठोकून द्यायची, हवाईयन भाषेत ही आनंदाची आरोळी आहे! काही वर्षं ते खपलं. मग कुणीतरी दाखवून दिलं की हवाईयन भाषेत 'ब' हा वर्णच नाही. शेवटी अ‍ॅलन हर्श या कर्त्यानंच लिहून टाकलं, अर्थ आम्हालाही ठाऊक नाही, कानाला गोड आणि म्हणायला सोपा म्हणून घेतला.

हीच चाल ओक्लाहोमा विद्यापीठानं घेतली आणि कडवंभर 'बूमर सूनर, बूमर सूनर' एवढंच घोळवलं. शेवटी 'जन्मलो सूनर, वाढलो सूनर, मरेन तेव्हा मेलेला सूनर' अशी प्रतिज्ञा, तीही नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या गाण्यावरून! काव्य म्हणून शून्य. तरी मला हे गाणं विस्कॉन्सिनच्या नकलांपेक्षा उजवं वाटतं. १८८९ साली तिथली जमीन वसाहतीसाठी खुली झाली, तेव्हा ठरल्या वेळेआधीच आत घुसून जागा धरणारे ते सूनर, आणि ती खुली करा म्हणून आधीपासून मोहीम चालवणारे ते बूमर. 'सूनर' हा शब्द दुसऱ्या कुठल्या गावाला चिकटवता येणार नाही.

प्रश्नकर्ता: 'ललकारी' आवडला. पण गीत असल्याचं कळायला 'ललकारीगीत' करावं का?

उत्तर: पहिल्या उल्लेखाला 'संघाचं ललकारीगीत' म्हणा, पुढे नुसतं 'ललकारी' चालेल. शाळेच्या प्रार्थनेसारख्या गंभीर गाण्याला मात्र 'शाळागीत'च ठेवा. अमेरिकेतही ती दोन गाणी वेगळी असतात, आणि अनुवादात त्यांची सरमिसळ फार होते.