मदत हवी आहे : शोलावरमला धावलेली फियाट खरी कशी ओळखावी?

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबडमधील एका गॅरेजात मी फियाट ११०० डिलाइट पाहिली असून, ही गाडी मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत उतरली होती, असे मालकाचे म्हणणे आहे. गाडीत रोलकेज (उलटल्यास चालकाला वाचवणारा आतला पोलादी सांगाडा), दोन कार्बोरेटर (इंधन-हवा मिसळणारे भाग) आणि बकेट सीट (शरीराला घट्ट धरणारी शर्यतीची आसने) आहेत. पण हे बदल कधीही करता येतात, म्हणून केवळ त्यांवर माझा विश्वास बसत नाही.

मूळ इंजिन १,०८९ सीसीचे, म्हणजे ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोकचे (पिस्टनच्या वर-खाली धावेचे) असल्याने हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडून मोजल्यास बोअर वाढवल्याचे कळेल. मात्र त्यावरून बदलाचे वय कळणार नाही. चासी नंबरचा ठसा आरसी पुस्तकाशी जुळतो, ही समाधानाची बाब आहे. रोलकेजच्या वेल्डिंगखाली जुन्या रंगाचे थर सापडले, तर ते शर्यतीच्या काळातले मानावे का? त्या काळचे छायाचित्र मिळाल्यास नेमके काय ताडून पाहावे, आणि स्पर्धकांच्या याद्या व तांत्रिक तपासणीचे कागद कोणाकडे मागावेत? असे काम केलेल्या जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे, कारण खात्री झाल्याशिवाय मला तिच्या एकाही भागाला हात लावायचा नाही.