बेसवर सिंथ पेडल नीट वाजत नाही, दोष पेडलचा की वाजवण्याचा?

खर्ज:
हौसेने सिंथ पेडल (बेसचा आवाज सिंथेसायझरसारखा करणारं, पायाने चालवायचं यंत्र) घेतलेले बरेच बेसवादक थोड्याच दिवसांत ते विकायला काढतात. कारण ठरलेलं: 'ट्रॅकिंग बेकार आहे', म्हणजे वाजवलेला सूर ते नीट ओळखत नाही. मला हे पटत नाही. बहुतेक वेळा पेडल ठीक असतं, त्याच्यात जाणारा सिग्नल गढूळ असतो. बॉस ओसी-२ सारखं जुनं ऑक्टेव्ह पेडल (सूर सप्तकाने खाली नेणारं) घ्या किंवा एखादं सिंथ, त्याला एका वेळी एकच स्वच्छ सूर लागतो. शेजारची तार जराशी गुणगुणली तरी ते गोंधळतं. म्हणून आधी म्यूटिंग सुधारा: न वाजणाऱ्या तारांवर उजव्या हाताचा अंगठा आणि डाव्या हाताची रिकामी बोटं. नेक पिकअप (बेसच्या मानेकडचा) निवडा, टोन नॉब बराच खाली आणा, तार फ्रेटबोर्डच्या टोकाजवळ छेडा. शिवाय सिंथचा सूर बऱ्याचदा विरत नाही, कापल्यासारखा थांबतो. बेसवर तो तसा थांबवणं आपल्याच हातात असतं.

चौथी तार:
असहमत. बोटं कितीही साफ असली तरी भौतिकशास्त्र आड येतंच. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन सुमारे २४ मिलिसेकंदांचं. सूर ओळखायला पेडलला निदान एक आवर्तन तरी लागणार, त्यात तार छेडतानाचा पहिला क्षण निव्वळ खडखडाट. पाच तारांच्या बेसची बी तर ३१ हर्ट्झची, तिथे ३२ मिलिसेकंद. किकच्या (ड्रमसेटमधल्या पायाने वाजणाऱ्या ड्रमच्या) जोडीने वाजवताना हे जाणवतं. सिंथचा आवाज हवा तर छोटा कीबोर्ड घ्या. कळ दाबली की सूर, ओळखण्याची भानगडच नाही.

खर्ज:
@चौथी तार, आकडे बरोबर आहेत, पण ते सूर ओळखणाऱ्या पेडलपुरते. बाराव्या फ्रेटवर तीच ई तार ८२ हर्ट्झची होते आणि उशीर निम्मा होतो. वर वाजवा, ऑक्टेव्हने खाली आणा. फझ (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) आणि एन्व्हलप फिल्टर (छेडण्याच्या जोराप्रमाणे आवाजाचा वरचा भाग कमी-जास्त गाळणारं पेडल) तर सूर ओळखतच नाहीत. फझमुळे लहर चौकोनी होते, वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) भरपूर येतात आणि फिल्टरला कापायला काहीतरी मिळतं. नुसत्या, टोन बंद केलेल्या बेसवर फिल्टरचा परिणाम फारसा ऐकू येत नाही, तो याचमुळे. मला घोस्ट नोट (तार दाबून काढलेला बिनसुराचा ठोका) आणि स्लाइड बोटांतून यायला हव्यात, म्हणून मी कीबोर्डकडे वळत नाही.

गाळणी:
इथे एक अडचण राहून गेली. एन्व्हलप फिल्टर उघडतो तो छेडण्याच्या जोरावर, आणि फझ तो जोरच सपाट करून टाकतो. फझनंतर फिल्टर लावला की हलकं वाजवा नाहीतर जोरात, तो जवळजवळ सारखाच उघडतो. उलट क्रम लावला तर फझ फिल्टरची हालचाल बरीचशी झाकून टाकतो. फिल्टरला ट्रिगरसाठी (तो कधी नि किती उघडायचा हे ठरवणाऱ्या सिग्नलसाठी) वेगळा इनपुट असेल तर त्यात साधा बेस द्या. नसेल तर फझचा गेन (फाडण्याची तीव्रता) उतरवा आणि थोडा साधा सिग्नल ब्लेंड करा. याच कारणाने कंप्रेसर (आवाजातला लहान-मोठा फरक कमी करणारं पेडल) फिल्टरच्या नंतर ठेवावा. सूर ओळखणाऱ्या पेडलच्या मात्र आधी, कारण सूर विरताना तो सिग्नल धरून ठेवतो.

चौथी तार:
ट्रिगरचं मान्य. पण हेडफोनवर भारदस्त वाटलेला आवाज बँडमध्ये नाहीसा होतो, त्याचं काय?

खर्ज:
बऱ्याच फिल्टरमध्ये रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला उठाव) वाढवला की तळ हलका होतो. साधारण २०० हर्ट्झखालचा साधा बेस सतत चालू ठेवा आणि वरचा भागच सिंथमधून काढा. दोन्ही मिसळल्यावर आवाज उलट बारीक झाला, तर एकाची फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा. नॉब लावताना ड्रम चालू हवेत, एकट्याने लावलेली सेटिंग बँडमध्ये टिकत नाही.

चौथी तार:
फेज तपासतो. तरी जलद ओळी मी कळांवरच वाजवणार. १२०च्या टेम्पोला एक सिक्स्टीन्थ (ठोक्याचा चौथा भाग) १२५ मिलिसेकंदांची असते, त्यातली २४ ओळखण्यात गेली तर ग्रूव्ह ढिला पडतो.