जपानशी करार आहे, पण भोसरीतल्या वर्कशॉपला त्याचा उपयोग काय?

भोसरीकर

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, वडिलांनी सुरू केलेलं. सीएनसी लेथ आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर आजवर चाकणच्या मोठ्या व्हेंडरांचं जॉब वर्क करत आलो. आता एका जपानी ट्रेडिंग कंपनीच्या माणसाने प्रदर्शनात आमचे पार्ट बघून कोटेशन मागितलं आहे. ब्रेकच्या असेंब्लीत बसणारी एक पिन आणि एक बुश. माल आधी जपानला जाईल, पुढे त्यांच्या थायलंडच्या प्लांटलाही जाऊ शकेल, असं तो म्हणाला.

भारत-जपान सेपा हा व्यापार करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. आमचे सीए म्हणतात, तिकडे शुल्क शून्य होणार, म्हणजे भाव थोडा चढा लावता येईल. ओळखीचे एक निर्यातदार म्हणतात, त्या करारातून आपल्याला काहीही मिळालं नाही, नादी लागू नकोस. वडिलांचं म्हणणं, हातातलं काम सांभाळ. प्रत्यक्ष अनुभव असलेलं कोणी सांगेल का? आणि आम्ही जपानी स्पेशल स्टील मुंबईच्या ट्रेडरकडून घेतो, त्यात कराराचा फायदा कुठे असतो?

आकडेमोड

तुमच्या निर्यातदार मित्रांशी मी सहमत आहे. २०२३-२४ मध्ये आपण जपानला साधारण ५.१ अब्ज डॉलरचा माल विकला आणि १७.७ अब्ज डॉलरचा घेतला. करार झाला तेव्हा दहा वर्षांत ९४ टक्क्यांहून जास्त व्यापारावरचं शुल्क काढायचं ठरलं होतं. शुल्क गेलं, पण आपली निर्यात होती तिथेच रेंगाळली. करार करताना आपल्या लोकांनी समोरच्याचा बाजार नीट अभ्यासला नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुभाषी_कोथरूड

मी जपानी दुभाषी आहे. चाकण, रांजणगाव, सुपे इथल्या कारखान्यांत ऑडिट, ट्रेनिंग, खरेदीच्या बैठका या सगळ्यांत मधल्या खुर्चीवर बसते. त्यामुळे दोन्ही बाजू काय बोलतात आणि दार बंद झाल्यावर काय बोलतात, हे दोन्ही कानावर पडतं.

भोसरीकर, तुझ्या सीएंचा हिशेब इथे लागू होत नाही. गाड्यांच्या सुट्या भागांवर जपानमध्ये आयात शुल्क मुळातच शून्य आहे, कोणत्याही देशातून आले तरी. करार नसता तरी तुझी पिन तिथे बिनशुल्क उतरली असती. म्हणून त्या जोरावर भाव चढवू नकोस, समोरच्या खरेदीवाल्याला हे पाठ असतं आणि पहिल्याच कोटेशनला तुझी समज कळते. एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये मालाचा वर्ग ठरवणारा आकडा, मात्र कस्टम एजंटकडून लेखी पक्का करून घे, कारण पिन ब्रेकचा भाग म्हणून जाते की साधा फास्टनर (नट-बोल्टसारखी जोडणीची वस्तू) म्हणून, यावर पुढचं सगळं ठरतं.

आकडेमोड यांचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून कराराचा दोष निघत नाही, असं मला वाटतं. जपानने कारखानी मालावरचं शुल्क आधीच इतकं खाली आणलं होतं की आपल्याला मिळण्यासारखं तिथे थोडंच उरलं होतं. कपड्यांवर मिळालं. तांदूळ त्यांनी करारातून बाहेर ठेवला. आपलं शुल्क जास्त होतं, म्हणून ते उतरल्यावर त्यांचा माल जास्त आला. पण आला तो काय? यंत्रं, यंत्रांचे भाग, स्टील, इलेक्ट्रॉनिक्स. चाकणच्या ज्या लाइनसाठी तुम्ही जॉब वर्क करता, ती लाइन त्यावर उभी आहे. तूट मोजताना त्या लाइनवरून बाहेर पडणारी गाडी दुसऱ्या खात्यात लिहिली जाते, आणि ती पुढे दक्षिण आफ्रिकेला किंवा मेक्सिकोला विकली गेली तर जपानच्या आकड्यात ती दिसतच नाही.

तुझ्या स्टीलचं उत्तरही यातच आहे. सवलत मिळते ती आयातदाराला, म्हणजे तुझ्या ट्रेडरला. त्याच्याकडे जपानचं ओरिजिन सर्टिफिकेट (माल तिथलाच असल्याचा दाखला) असेल आणि बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे माल सोडवताना कस्टम्सला द्यायच्या अर्जात, त्याने कराराचा दर मागितला असेल, तरच. २०२० पासून कस्टम्सचे नियम कडक झालेत, माल खरोखर तिथेच बनला याची माहिती आयातदाराला स्वतःजवळ ठेवावी लागते. त्या कटकटीमुळे काही ट्रेडर पूर्ण शुल्क भरून मोकळे होतात आणि ते तुझ्या दरात येतं. त्याला सरळ विचार: कोणत्या दराने सोडवलंस? विचारायला लाजू नकोस, पैसे तुझे आहेत.

थायलंडचा मुद्दा मात्र गंभीरपणे घे. तिथे सुट्या भागांवर शुल्क आहे, आणि तिथे जपानचा करार चालत नाही, आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेला आपला करार चालतो. तो २०१० पासून आहे. त्यासाठी माल भारतीय ठरावा लागतो: कच्च्या मालाचा आणि पार्टचा सहा अंकी कोड वेगळा हवा, शिवाय एफओबी किमतीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) किमान ३५ टक्के मूल्य इथलं हवं. कोड बदलेल. पण महागडं जपानी स्टील आणि त्यावर थोडंसं टर्निंग असेल, तर ३५ टक्के भरणं अवघड जातं. जपानला पाठवताना जपानी स्टील करारात आपलंच धरलं जातं, थायलंडला पाठवताना ते परकं. तोच पार्ट, तीच पिन, नियम दोन. म्हणून कोटेशनच्या आधी विचार, माल नक्की कुठे उतरणार.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. इतक्या बैठकांत बसले, शुल्कामुळे तुटलेला व्यवहार मी पाहिला नाही. तुटतो तो न सांगता केलेल्या बदलामुळे. एका पुरवठादाराने नेहमीचं हीट ट्रीटमेंट शॉप बंद होतं म्हणून दुसरीकडून काम करून घेतलं. माल मापात, कडकपणा बरोबर, डिलिव्हरी वेळेत. तरी सगळा लॉट थांबला. समोरून प्रश्न एकच होता: हे कोणी ठरवलं आणि आम्हाला का कळवलं नाही? आमचे लोक पुन्हा पुन्हा रिपोर्ट पुढे करत होते आणि मी दोन्हीकडचं भाषांतर करत होते, पण उत्तर त्या प्रश्नाला मिळतच नव्हतं. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड यांतलं काहीही बदलायचं असेल तर आधी लेखी परवानगी. हे पाळणाऱ्या लहान वर्कशॉपकडे मी वर्षानुवर्षं काम टिकलेलं पाहिलंय, दर थोडा जास्त असूनसुद्धा.

दोन देशांच्या बाबतीतही मला तेच दिसतं. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहावर भारताने सही केली नाही, १९५२ मध्ये वेगळा तह केला आणि युद्धाची भरपाई सोडून दिली. जपानने येन कर्ज द्यायला सुरुवात केली ती १९५८ मध्ये, भारतापासून. १९९१ च्या परकीय चलनाच्या टंचाईत आपलं सोनं गहाण पडलं त्यात बँक ऑफ जपानही होती. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी नवी कर्जं थांबवली, २००१ मध्ये ती स्थगिती उठवली. राग धरला, पण खातं बंद केलं नाही. आपल्या मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाला जायका या जपानी सरकारी संस्थेचं कर्ज आहे ते ०.३० टक्क्याने, ४० वर्षांसाठी. इतक्या लांबचा विचार करणारा गिऱ्हाईक आपल्या दारात आलाय, त्याच्याकडे एका ऑर्डरच्या नफ्याच्या नजरेने बघू नये असं मला वाटतं.

आंबा_ते_द्राक्ष

शुल्कापेक्षा शिस्त महत्त्वाची, या ताईंच्या मुद्द्याला शेतमालाच्या बाजूने दुजोरा देतो. फळमाशीच्या कारणाने जपानने आपल्या आंब्यावर वीस वर्षं बंदी ठेवली होती. उठली ती २००६ मध्ये, तीही उष्ण वाफेची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. वाशीत पणन मंडळाचं केंद्र त्यासाठी आहे. २०१२ मध्ये कोळंबीत इथॉक्सिक्विन या खाद्यातल्या रसायनाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर सापडला की कंटेनर परत, असं झालं. शुल्काचा यात काही संबंध नव्हता. तपासणीची शिस्त ज्यांनी लावून घेतली त्यांचा माल जातो.

भोसरीकर

ताई, खूप आभार. ट्रेडरला फोन केला, तो पूर्ण शुल्कच भरत होता. आता दोन गोष्टी सांगा. कोटेशन येनमध्ये द्यायचं का? आणि पैसे अडकले तर?

दुभाषी_कोथरूड

जमलं तर डॉलरमध्ये दे. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ११५ येन होते, जुलै २०२४ मध्ये १६० च्या पुढे गेले. येनमध्ये वर्षभराचा दर बांधून दिलेल्यांचा नफा त्यात धुऊन गेला. येनच हवा म्हणाले तर दर कितीने हलला की फेरविचार करायचा, ते कोटेशनमध्येच लिही. याला ते नाही म्हणत नाहीत, मागाहून मागितलं तर मात्र खटकतं.

पैशांसाठी ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा घे, लहान निर्यातदारांसाठी त्यांची वेगळी पॉलिसी असते. तुझ्या बँकेचा फॉरेक्स विभाग सांगेल.

आणि ड्रॉइंगवर एससीएम ४४० हा जपानी स्टीलचा ग्रेड लिहिलेला असेल तर आपल्याकडे मिळणारा ईएन १९ ग्रेड जवळचा आहे म्हणून परस्पर वापरू नकोस. आधी केमिकल रिपोर्ट जोडून विचार, लेखी हो आल्यावरच बार काप. वडिलांना ऑडिटच्या दिवशी शॉपवर थांबायला सांग. त्यांच्या हातचं काम आणि जुनी रजिस्टरं दाखव, ते लोक तासभर तेच बघत बसतात.