किडनीच्या सूत्रातून वंश काढला, पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांच्या पदरात काय पडलं?

मेघना_प
किडनी किती काम करते हे रोजच्या व्यवहारात मोजत नाहीत, अंदाजतात. रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, किडनी कमी गाळू लागली की रक्तात वाढतो), वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून ईजीएफआर निघतो. हा किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, आकडा जितका कमी तितकी किडनी वाईट. अमेरिकेतल्या बहुतेक लॅब २०२१ पर्यंत त्यात आणखी एक गोष्ट घालत होत्या. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणायचं. त्याआधीच्या सूत्रात हा गुणक १.२१२ होता.

पन्नाशीचा पुरुष घ्या, क्रिएटिनिन ३.५. २००९ च्या, म्हणजे १.१५९ गुणकाच्या, सूत्राने गुणक न लावता ईजीएफआर १९ येतो, लावला की २२. मृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते ती ईजीएफआर २० किंवा खाली आल्यावर, नाहीतर डायलिसिस सुरू झाल्यावर. म्हणजे रक्त तेच, वय तेच, पण गोऱ्या रुग्णाचे दिवस मोजले जाऊ लागले आणि काळ्याचे नाहीत.

गुणकाचं मूळ १९९९ च्या एका अभ्यासात आहे. किडनीचं काम सारखंच असताना कृष्णवर्णीयांचं क्रिएटिनिन सरासरीने जास्त दिसलं. त्यांचे स्नायू जास्त असतात, असं कारण धरलं गेलं. आई गोरी आणि वडील काळे असतील तर कुठला आकडा? यावर सूत्राकडे उत्तर नव्हतं. कित्येक रिपोर्टांवर दोन्ही आकडे छापून निवड डॉक्टरवर सोडलेली असे.

हे आपोआप बदललं नाही. वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉ. व्हनेसा ग्रब्स यांच्यासारखे कृष्णवर्णीय किडनीतज्ज्ञ वर्षानुवर्षं मागे लागले. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाने २०१७ मध्येच गुणक काढला. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या किडनी संस्थांच्या राष्ट्रीय कार्यगटाने वंशविरहित सूत्राची शिफारस केली. जानेवारी २०२३ पासून तर प्रत्यारोपण केंद्रांना जुन्या नोंदी शोधून कृष्णवर्णीय रुग्णांचा गेलेला काळ परत जोडून देणं बंधनकारक झालं. १४ हजारांहून जास्त रुग्णांना सरासरी सुमारे २ वर्षं परत मिळाली. माझ्या मते सूत्र बदललं ही दुरुस्ती झाली, न्याय झाला तो या भरपाईत. चूक मान्य करून तिची भरपाई देणारं पाऊल वैद्यकात फार क्वचित पडतं.

राजस
भरपाईबद्दल वाद नाही. सूत्राबद्दल आहे. २०२१ चं क्रिएटिनिनचं सूत्र कृष्णवर्णीयांची किडनी प्रत्यक्षापेक्षा मध्यक ३.६ ने कमी दाखवतं आणि इतरांची ३.९ ने जास्त. हे सूत्र तयार करणाऱ्यांनीच छापलेलं आहे. म्हणजे चूक गेली नाही, तिची दिशा बदलली.

आता तुमच्याच पन्नाशीच्या कृष्णवर्णीय रुग्णाचं क्रिएटिनिन २.६ धरा. जुन्या हिशेबाने ईजीएफआर ३२, नव्याने २९. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन ३० खाली बंद करावं लागतं. स्वस्त, खात्रीचं औषध एका आकड्यापायी गेलं. कृष्णवर्णीयांत मधुमेह जास्त, म्हणून फटकाही त्यांनाच जास्त. किडनी द्यायला तयार झालेला भाऊ किंवा मुलगीही याच सूत्राने आधी चाळली जाते. ती प्राथमिक चाळणीतच गळली, तर प्रत्यक्ष मोजणीपर्यंत पोचणारच नाही.

शिवाय स्नायूंची मापं हिशेबात घेऊनही क्रिएटिनिनमधला फरक उरतो, हेही २०२१ मध्येच प्रसिद्ध झालं. कारण माहीत नाही म्हणून फरकच नाही असं म्हणता येत नाही.

मेघना_प
राजस, फरक आहे हे मान्य. पण तो सरासरीतला फरक आहे आणि तुम्ही तो समोरच्या एका माणसावर त्याच्या कातडीचा रंग बघून लावताय. ३.६ ची चूक दोन्ही बाजूंना वाटली गेली, तर निदान ती एकाच समाजाला रांगेत मागे ढकलत नाही. आणि मेटफॉर्मिन २९ वर बंद करण्याआधी दुसरी चाचणी करता येते. रांगेत गेलेली वर्षं कुठल्याही चाचणीने परत येत नव्हती.

ज्योती (लॅब)
दोघंही क्रिएटिनिनवर अडून बसला आहात. सिस्टॅटिन सी मोजा, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, तेही किडनी मंदावली की वाढतं. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं आणि त्याच्या सूत्राला २०१२ पासूनच वंश लागत नाही. दोन्ही एकत्र घेणारं २०२१ चं सूत्र क्रिएटिनिनच्या एकट्या सूत्रापेक्षा अचूक आहे, आणि दोन गटांतला फरक त्यात जवळजवळ मिटतो. कार्यगटाने हेही सुचवलं होतं, पण बातम्यांत फक्त गुणकच गाजला.

अडचणी मात्र समजून घ्या. स्टिरॉइड चालू असेल, थायरॉइड जास्त असेल, लठ्ठपणा, शरीरात दाह किंवा धूम्रपान असेल तर सिस्टॅटिन वाढतं आणि किडनी आहे त्यापेक्षा वाईट दिसते. चाचणी क्रिएटिनिनपेक्षा बरीच महाग. अमेरिकेतही कित्येक रुग्णालयं नमुना बाहेर पाठवतात आणि उत्तराला काही दिवस लागतात. त्यामुळे तातडीच्या औषधमात्रेसाठी ती उपयोगी पडत नाही. म्हणून सरसकट नको. ३०, २० अशा सीमेच्या आसपास आकडा आला, किंवा दाता तपासायचा असला, की करायलाच हवी.

(आपल्याकडेही शाकाहारी, बारीक चणीच्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. रिपोर्ट उत्तम दिसतो आणि किडनी तेवढी उत्तम नसते.)

सदानंद क.
सूत्रावरची चर्चा चांगली आहे, पण आरोग्यातल्या समतेचा प्रश्न सूत्रात सुटत नाही. भरपाई कशी मिळते ते पाहा. केंद्राला यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णाचा जुना, तारीख असलेला रिपोर्ट हवा. त्यात गुणकासह ईजीएफआर २० च्या वर आणि गुणकाविना २० किंवा खाली दिसायला हवा. मग अर्ज, मग काळ जोडला जाणार. ज्याला नियमित डॉक्टर होता, त्याच्याकडेच हा कागद असतो. थेट इमर्जन्सीत येऊन ज्याचं डायलिसिस सुरू झालं, त्याला या धोरणातून एक दिवसही मिळत नाही, कारण डायलिसिसच्या तारखेपासूनचा काळ त्याच्या खाती आधीच धरलेला असतो.

दुसरं म्हणजे विमा. १९७२ च्या कायद्याने किडनी निकामी झालेल्यांना मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळतं, पण ते डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाच्या टप्प्यावर. ईजीएफआर १९ असलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला त्या कायद्याने अजून काही नाही. यादीत येण्यासाठीच्या हृदयाच्या, कर्करोगाच्या, दातांच्या तपासण्या त्याने कशाच्या जोरावर करायच्या? आणि यादीत नावच नसेल तर परत मिळालेली वर्षं कुठे जोडणार?

मेघना_प
सदानंद, हा मुद्दा मला पूर्ण पटतो. पण तो भरपाईच्या विरोधात जात नाही. केंद्रांनी जुने रिपोर्ट रुग्णाकडे मागू नयेत. तिथल्या दवाखान्यांच्या आणि लॅबच्या नोंदी संगणकावर असतात, त्या केंद्राच्या माणसाने स्वतः मागवाव्यात. नियमाने जबाबदारी केंद्रावरच टाकली आहे. यादीतल्या प्रत्येकाला धोरणाची माहिती द्यायची, मग पात्र रुग्णांसाठी अर्ज करायचा.

राजस
ज्योतीताईंशी सहमत. दात्यांच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. प्राथमिक चाळणीत सिस्टॅटिन सक्तीचं करा आणि शंका उरली तर आयोहेक्सॉल (किडनीतून गाळलं जाणारं एक द्रव्य) टोचून प्रत्यक्ष जीएफआर, म्हणजे गाळण्याचा वेग, मोजा. दाता नाकारण्याआधी हे झालंच पाहिजे, कारण कृष्णवर्णीय रुग्णांना जिवंत दात्याची किडनी आधीच कमी मिळते.

सदानंद क.
आयोहेक्सॉलला रुग्णालयात काही तास बसावं लागतं, ठरावीक अंतराने रक्त द्यावं लागतं. रोजंदारीवरच्या दात्याचा तो दिवस बुडणार, त्याची मजुरी कोण देणार तेही त्याच नियमात लिहून टाका.