सिलिंडरचे २०० रुपये

'सरकारनं गॅस सिलिंडरचे दर उतरवले तर कुणाचं काय बिघडलं?' असं विचारलं जातं. बिघडलं, फक्त बिल उशिरा आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये २०० आणि लोकसभेच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपये उतरवले. आयातीचा भाव चढला तरी दर तसाच. तूट तेल कंपन्यांच्या खात्यात. एप्रिल २०२५ मध्ये ५० वाढवूनही ती भरेना, मग ऑगस्टमध्ये ३०,००० कोटींची भरपाई. आपल्याच करातून.

गॅसऐवजी इंडक्शन (विजेची शेगडी) सुचवणाऱ्यांसाठी हिशेब: १४.२ किलो गॅसचं काम साधारण १४०-१४५ युनिटांत होतं. ८५३ रुपयांच्या (त्या वाढीनंतरचा दिल्लीचा दर) सिलिंडरशी बरोबरी साधायला युनिट सहा रुपयांच्या आत हवं. महावितरणचा १०० युनिटांपुढचा टप्पा त्याहून बराच महाग. स्वयंपाकाच्या विजेला वेगळा दर द्यायचा तर आधी मीटर, वायरिंग. दर उतरवल्याचे फलक लावायला मात्र काहीच लागत नाही.