टीडीएस मीटरने पाणी जड आहे हे कळतं का? (जळगाव)

पिंप्राळेकर:
नवीन बिल्डिंगमध्ये राहायला आलोय, तेव्हापासून गीझरच्या कॉइलवर पांढरा थर साचतोय आणि तूरडाळ काही केल्या शिजत नाही. परवा फिल्टरवाला आला, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) बुडवला, ७१० दाखवलं, मग दोन ग्लासात वायरीच्या कांड्या सोडल्या तर नळाचं पाणी तपकिरी, गाळच गाळ, आणि त्याच्या आरओ फिल्टर मशीनचं तसंच स्वच्छ. आई फार घाबरलीय. आमच्या नळाला येणारं वाघूर धरणाचं पाणी इतकं खराब आहे का हो?

केळीवाला_रावेर:
भाऊ, आईंना आधी सांगा तो गाळ पाण्यातला नाहीच. एक कांडी लोखंडाची असते, करंट गेला की तीच झिजते आणि गंज खाली बसतो. आरओच्या पाण्यात क्षार नावालाच, त्यातून करंट जात नाही म्हणून ते तसंच राहतं. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल. बाकी मीटर सगळे क्षार मिळून अंदाज देतो, जडपणा फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. सरकारी मानकात टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतो, जडपणाचे तेच आकडे २०० आणि ६००.

नकाणे_रोड:
मी धुळ्याचा. आमच्याकडे कुठे तापीचं, कुठे नकाणे तलावाचं, कुठे डेडरगावचं येतं, त्यामुळे शेजारच्या कॉलनीचा आकडा आपल्याला लागू पडत नाही. वाघूर धरणाचं म्हणजे साठलेलं पावसाचं पाणी, बोअरचं मात्र जमिनीत मुरून खडकातले क्षार घेऊन येतं. तुमच्या टाकीत बोअर मिसळतात का ते बघा. नळ येतो त्या दिवशी थेट लाइनचं एक बाटली भरा, टाकीचं दुसरी, दोन्हीत सारखाच किसलेला साधा साबण टाकून हलवा, शाम्पू किंवा पावडर नको. जड पाण्यात फेस होत नाही, वर पांढरी साय धरते. आकडाच हवा असेल तर थेंबांचं किट मिळतं, गुलाबी रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे.

पिंप्राळेकर:
केलं दादा. लाइनच्या पाण्याला भरपूर फेस, टाकीच्या पाण्यावर नुसता दह्यासारखा चोथा! वॉचमन म्हणे रोज संध्याकाळी बोअर टाकीत सोडतात.

केळीवाला_रावेर:
मग मीटिंगमध्ये बोअरची टाकी वेगळी करून मागा, ती संडास-धुण्याला, प्यायला-स्वयंपाकाला लाइनचंच. आणि हो, जडपणा वेगळा, जंतू वेगळे. पावसाळ्यात क्लोरीन आणि जंतूंची तपासणी करायलाच हवी, जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षणच्या लॅबला विचारा. जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक लागते, ती त्यांच्याकडूनच घ्या, घरची बिसलेरीची धुऊन नेऊ नका.